ऑनलाइन दुकानास जोड-ॲपें किती लावावीं ?

हापूस, काजू, गूळ, हळद असा माल दलालाच्या हातीं न देतां स्वतःच्या ऑनलाइन दुकानांतून थेट गिऱ्हाइकास पोंचविणारे कांहीं बागाईतदार आमच्या सभासदांत आहेत. त्यांची संख्या वाढावी अशीच आमची इच्छा आहे. परंतु दुकान उघडून पंधरवडा होत नाहीं तोंच त्यास आठ-दहा जोड-ॲपें लावण्याचा जो सोस दिसतो, तो आमच्या मतें नुकसानीचा आहे.

जोड-ॲप म्हणजे मूळ दुकानांत नसलेली एखादी सोय पुरविणारा, बहुधा त्रयस्थानें तयार केलेला प्रोग्राम. सन २००६ मध्यें कॅनडांत सुरू झालेल्या शॉपिफायनें २००९ सालीं अशा ॲपांचा स्वतंत्र बाजारच उघडला. तेथें दोन-चार वेळां बोट दाबलें कीं ॲप दुकानांत दाखल होतें. मात्र त्यापूर्वीं पडद्यावर एक यादी येते: हें ॲप गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते, मागण्या पाहूं शकेल, अमुक बदलूं शकेल. ती यादी वाचणारा सभासद आम्हांस क्वचितच भेटला. आंब्याच्या चित्राभोंवतीं नक्षी काढणाऱ्या ॲपास गिऱ्हाइकांच्या फोन-नंबरांशीं काय कर्तव्य ? घरच्या गड्यास कोठाराची किल्ली देतांना आपण चार वेळां विचार करतों. येथें मात्र अनोळखी माणसापुढें सारी वही उघडून ठेवतों. वर्डप्रेसवर वूकॉमर्सचें दुकान असेल तर अधिकच जपावें. तेथील प्लगइन अशी निराळी परवानगी मागत नाहीं. एकदां चालू केलें कीं त्यास साऱ्या साइटवर मोकळें रान असतें.

आतां खर्च. ॲपाची वर्गणी दरमहा असते व पुष्कळदां डॉलरांत असते. आंब्याचें दुकान वर्षांतून दोन-अडीच महिने चालावयाचें आणि वर्गणी बारा महिने ! फुकट मुदत संपतांच ती सुरू होते. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदाराचा आंबा मृगाबरोबर संपला, पण तीन ॲपांची वर्गणी दिवाळीपर्यंत जात राहिली. ॲप काढून टाकलें म्हणजे सुटलों असेंही नाहीं. वर्गणी दुकानाच्या बिलांतून न जातां ॲपवाल्याकडे परस्पर जात असेल, तर ती वेगळी बंद करावी लागते. शिवाय कांहीं ॲपांचा उरलासुरला कोड थीममध्यें तसाच पडून राहतो. त्यानें पान उघडण्यास उशीर लागतो व गिऱ्हाईक पेटीचा भाव पाहण्याआधींच निघून जातें.

"दोनच पेट्या उरल्या", "आत्तांच एका गिऱ्हाइकानें घेतली" असें खोटेंच झळकविणारीं ॲपें तर आमच्या मतें दुकानांत येऊंच देऊं नयेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी खोटी घाई निषिद्ध आहे. परका आंबा हापूस म्हणून विकणाऱ्यास आपण ज्या तोंडानें बोल लावतों, त्याच तोंडानें हें कसें सांगावें ?

सर्वच जोड-ॲपें टाकाऊ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. गिऱ्हाइकानें पैसे भरण्यापूर्वींच त्याच्या पिनकोडावर माल जातो कीं नाहीं व किती दिवसांत जातो हें सांगणारें ॲप आंबेवाल्यास खरोखर उपयोगी आहे, कारण वाटेंत नासलेल्या पेटीचे पैसे अखेर त्यालाच परत करावे लागतात. सवलतीचे कोड वगैरे किरकोळ सोयी मात्र मूळ दुकानांतच असतात. त्या आधीं धुंडाळाव्या.

लावावयाचेंच तर एका वेळीं एकच ॲप लावावें. शॉपिफायवर थीमची प्रत काढून ठेवावी, वूकॉमर्सवर सगळ्या दुकानाचा बॅकअप घ्यावा. मग स्वतःच्या फोनवरून एक मागणी नोंदवून पैसे भरण्यापर्यंत सर्व नीट चालतें कीं नाहीं हें पाहावें. हें काम पौष-माघांत उरकावें. ऐन चैत्रांत, पेट्या भरण्याच्या घाईंत, दुकानास हात लावूं नये. ज्यांचीं ॲपें आज चालू आहेत त्यांनीं गेल्या वर्षाचीं बिलें काढून वर्गणीची बेरीज करावी आणि ती विकलेल्या पेट्यांवर वांटून पाहावी.