साथीचा भुर्दंड प्रवाशाच्या माथी का?

२२ मार्च २०२० रोजी देशातील सर्व प्रवासी गाड्या बंद ठेवण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. साथ रोखण्यासाठी प्रवासावर निर्बंध घालावे लागतात, याबद्दल कोणाचाही वाद नाही. प्रश्न निराळाच आहे. समाजाच्या हितासाठी जो प्रवास थांबवला गेला, त्याचे नुकसान कोणी सोसावयाचे? निर्णय घेणाऱ्या सत्तेने, की आधीच मजुरी बुडालेल्या प्रवाशाने? महासाथ ओसरली, तरी या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही. पुढची साथ येण्यापूर्वी तो लावून घेणे हे आपले काम आहे.

रेल्वेने त्या वेळी काहीच केले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. रेल्वेने स्वतः रद्द केलेल्या गाड्यांचे पूर्ण भाडे परत देण्याचे जाहीर झाले. टाळेबंदी १४ एप्रिलला संपेल अशा समजुतीने पुढील तारखांचे ऑनलाइन आरक्षण चालूच ठेवले होते. मुदत ३ मेपर्यंत वाढताच सुमारे ३९ लाख तिकिटे रद्द झाली आणि त्यांचा परतावा द्यावा लागला. खिडकीवर काढलेल्या तिकिटांसाठी परताव्याची मुदत आधी तीन महिने, मग सहा महिने आणि जानेवारी २०२१ मध्ये नऊ महिने करण्यात आली. ही मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, यातच सारे आले. ज्याच्या हाती कागदी तिकीट होते, तो शेकडो मैल दूर गावी अडकला होता. खिडक्या बंद होत्या. पैसे त्याचे होते, पण ते मागण्यासाठी लागणारा प्रवासच बंद होता.

दलालाकडून तिकीट काढणाऱ्याची अवस्था याहून वाईट. ऑनलाइन तिकिटाचा परतावा ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जातो. अधिकृत दलालांसाठी ग्राहकाच्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक पाठवण्याची व्यवस्था २०१९ साली आली. परंतु नाक्यावरच्या दुकानदाराने स्वतःच्या खात्यावरून तिकीट काढून दिले असेल, तर परतावा त्या दुकानदाराच्या पदरी पडतो आणि मजुराला त्याचा पत्ताही लागत नाही.

गाडी सुटली, प्रवासी राहिला

खरा अन्याय याच्याही पुढे आहे. सर्व सवलतींचा आधार एकच होता : गाडी रेल्वेने रद्द केलेली असली पाहिजे. गाडी धावत असेल आणि प्रवाशालाच घराबाहेर पडण्यास मनाई असेल, तर? त्याची वस्ती प्रतिबंधित क्षेत्र ठरली, घरात रुग्ण निघाला, किंवा ज्या राज्यात जावयाचे तेथे नवी अट लागू झाली, तर? एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने केरळ, गोवा, गुजरात, राजस्थान, उत्तराखंड आणि दिल्ली परिसरातून रेल्वेने येणाऱ्यांना ४८ तासांच्या आतील चाचणीचा अहवाल बंधनकारक केला. गाड्या चालू होत्या. अहवाल वेळेत न मिळालेल्या माणसाचा प्रवास मात्र बंद होता.

अशा प्रवाशाला २०१५ चे परतावा नियम लागू. त्या नियमांनुसार शयनयानाचे निश्चित तिकीट ४८ तासांहून अधिक आधी रद्द केले, तर माणशी १२० रुपये कापले जात. त्यानंतर बारा तास आधीपर्यंत भाड्याचा चौथा हिस्सा, त्यापुढे चार तास आधीपर्यंत निम्मे भाडे, आणि मग काहीच नाही. निश्चित झालेल्या तत्काळ तिकिटाला तर परतावाच नव्हता. १२ मे २०२० पासून दिल्लीहून सुटलेल्या वातानुकूलित विशेष गाड्यांवर याहून कडक नियम होता : चोवीस तास आधीपर्यंत तिकीट रद्द केले तरी अर्धे भाडे बुडे. साथ ऐन भरात असताना हा नियम होता!

आता दुसरी बाजू पाहा. स्थानकावरील तपासणीत ताप वा लक्षणे आढळून प्रवेश नाकारला गेला, तर पूर्ण भाडे परत देण्याचा आदेश रेल्वे बोर्डाने मे २०२० मध्ये काढला. आदेश योग्यच होता. पण त्याचा अर्थ काय झाला? तापलेल्या अंगाने गर्दीच्या स्थानकावर जाणाऱ्याला पूर्ण पैसे. शहाणपणाने घरी थांबणाऱ्याला कपात! १९८९ च्या रेल्वे कायद्याचे ५६ वे कलम संसर्गजन्य रोग असताना विनापरवानगी प्रवास करणाऱ्याचे तिकीट जप्त करण्याची तरतूद करते. प्रवास केला तर तिकीट जप्त, न केला तर भाडे कापले. कायद्याचे हे दोन्ही हात गरिबाच्याच खिशात जातात.

विमा हे उत्तर नव्हे

काही शहाणे सांगतील, प्रवाशाने विमा उतरवावा. ऑनलाइन तिकिटाबरोबर काही पैशांत मिळणारा विमा आहे तो अपघाती मृत्यू, अपंगत्व आणि इस्पितळाच्या खर्चाचा. साथीमुळे बुडालेल्या भाड्याशी त्याचा संबंध नाही. उद्या तसा विमा कंपन्यांनी बाजारात आणला, तरी त्याचा अर्थ एवढाच की शासनाच्या आदेशाने होणाऱ्या नुकसानीचा हप्ता प्रवाशाने भरावा आणि नफा कंपनीने घ्यावा. रेल्वे जनतेची आहे. सामाजिक संकटाचा बोजा सामाजिक मालकीच्या संस्थेने आणि केंद्र सरकारच्या तिजोरीने उचलावा, हाच न्याय.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी श्रमिक गाड्यांचा इतिहास आठवावा. १ मे २०२० पासून ऑगस्टअखेर ४,६२१ गाड्यांतून सुमारे ६३ लाख माणसे गावी गेली. या मजुरांचे भाडे कोणी भरावे यावर आठवडेच्या आठवडे टोलवाटोलवी चालली. अखेर २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने मजुरांकडून भाडे घेऊ नये, असा आदेश दिला. जे आधी अशक्य म्हटले जात होते, ते जनमताच्या रेट्यानंतर एका दिवसात शक्य झाले.

उलट सरकारने काय केले? अनावश्यक प्रवास टाळावा या कारणाने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. गाड्या पूर्ववत झाल्या, पण पुढे वर्षानुवर्षे ती सवलत परतली नाही. साथीच्या नावाने काढून घेतलेले आपोआप परत मिळत नाही, हा यातला धडा.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, कोणत्याही शासनाच्या साथविषयक आदेशामुळे प्रवास अशक्य झाल्यास, गाडी धावली तरी, तत्काळ तिकिटासह पूर्ण भाडे परत मिळावे. दोन, आजारी प्रवाशाला घरबसल्या, सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावर परतावा मिळावा. तीन, खिडकीवरच्या तिकिटाचे पैसे कोणत्याही स्थानकावर वा टपाल कार्यालयात, किमान एक वर्षापर्यंत मिळावेत. चार, हे सारे २०१५ च्या नियमांतच लिहिले जावे. दर साथीला नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याची पाळी येऊ नये.

रेल्वे कामगारांच्या संघटना, प्रवासी संघ आणि परप्रांतांत राबणाऱ्या मजुरांच्या युनियन यांनी एकत्र येऊन हा प्रश्न हाती घेतला पाहिजे. माणशी १२० रुपयांची कपात संसदेत बसणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. चार जणांच्या कुटुंबाचे ४८० रुपये म्हणजे काय, हे ज्याची चूल त्यावर पेटते त्यालाच ठाऊक.