आठवीनंतर आमच्या मुलांनी जायचे कुठे?

खासगी शाळांतील २५ टक्के जागांचा प्रश्न न्यायालयात सुटला, आता काळजी नाही, असा समज आपल्या वस्त्यांमध्ये पसरला आहे. तो घातक आहे.

महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचना काढली. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागांतून मोकळीक दिली. शहरात अशी शाळा जवळ नसलेला परिसर शोधून तरी सापडेल काय? कायदा तसाच ठेवायचा आणि नियमाच्या एका ओळीने त्याचा जीव घ्यायचा, ही चलाखी आपल्याला नवी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शाळाचालकांना दाद दिली नाही. मात्र या झगड्यात सोडतीचा निकाल जुलैवर गेला. पैसेवाल्यांची मुले जूनपासूनच वर्गात बसली होती.

हा झाला प्रवेशाचा लढा. आता पुढचे पाहू.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १२(१)(क) प्रमाणे शाळेने या मुलांना प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिकवायचे आहे. प्राथमिक म्हणजे आठवीपर्यंत. नववीच्या उंबरठ्यावर शाळा सांगते, पूर्ण फी भरा किंवा दाखला घेऊन जा. घरकाम करणाऱ्या आईने, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाने ही फी कोठून आणावी? आठ वर्षे इंग्रजी माध्यमात शिकलेले पोर दहावीला एक वर्ष राहिले असताना माध्यम बदलते, मित्र बदलते आणि पुष्कळदा शाळाच सोडते. अनुदानित शाळा आहे ना, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलांना एकदा नववीत माध्यम बदलायला लावून पाहावे.

या चौदा वर्षांच्या मर्यादेमागचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावा. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत नझिरुद्दीन अहमद यांनी या तरतुदीतील ‘शिक्षण’ या शब्दाऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ असा शब्द सुचविला. बाबासाहेबांनी तो नाकारला. त्यांचा युक्तिवाद वकिलाचा होता. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास संविधान मनाई करते (आजचे कलम २४); मग ज्या मुलाला कामावर जाता येत नाही, ते त्या वयापर्यंत कोणत्या तरी शिक्षणसंस्थेत असलेच पाहिजे. बाबासाहेबांनी शाळा आणि मजुरी यांच्यामध्ये फट राहू दिली नाही.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले, शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण वय सहा ते चौदाच राहिले. बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिने चौदा वर्षांवरील मुलांना केवळ धोकादायक कामांची बंदी ठेवली आणि चौदाखालच्यांनाही शाळेनंतर कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची मुभा दिली. ज्या वयात शाळेचा हक्क संपतो, त्याच वयात मजुरीचे दार कायदेशीरपणे उघडते. कुटुंबाचा धंदा म्हणजे कोणाचा कोणता धंदा, हे या देशात वेगळे सांगायला नको. हक्क पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंत वाढवा, अशी शिफारस राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात होती. २०२० च्या अंतिम धोरणात कायदा वाढविण्याची ती स्पष्ट शिफारस उरली नाही. संसदेत तिच्यासाठी किती जण बोलले, हे राखीव जागांवर निवडून गेलेल्या खासदारांना विचारायला हवे.

मधल्या आठ वर्षांत वर्गात काय चालते, हा आणखी वेगळा विषय. या मुलांना वेगळ्या वर्गात वा वेगळ्या वेळी बसवू नये, असे केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत लिहावे लागले, यातच सर्व आले. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१९ सालीच बंद केल्या होत्या.

शाळाचालक म्हणतात, सरकार प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर देत नाही. ही तक्रार खरी आहे. पण तिचा राग सहा वर्षांच्या पोरावर का? शासनाशी भांडावे, आम्हीही सोबत येऊ.

नववी-दहावीची फी राज्याने भरावी, ही मागणी आता लावून धरली पाहिजे. शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय आहे, राज्याचे हात बांधलेले नाहीत. दुसरा मार्ग जमिनीचा. दिल्लीत सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या खासगी शाळांवर दुर्बल घटकांतील मुलांना आठवीनंतरही मोफत शिकविण्याचे बंधन आहे. आपल्याकडेही अनेक संस्थांना सवलतीच्या दराने भूखंड मिळाले आहेत. कोणती शाळा कोणाच्या भूखंडावर, कोणत्या अटींवर उभी आहे, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. मूल सहावी-सातवीत असतानाच पालकांनी एकत्र येऊन हा अर्ज करावा. नववीच्या जूनमध्ये धावपळ करून काही हाती लागत नाही.