परिशिष्टातील आजी

गेल्या महिन्यात एका व्याख्यानमालेत महाराष्ट्रीय खाद्यसंस्कृतीवरील एका विद्वान वक्त्यांचे भाषण ऐकण्याचा योग आला. पुरणपोळीपासून पिठल्यापर्यंत सर्वांचा परामर्श घेऊन झाल्यावर ते वसईच्या ख्रिस्ती घरांकडे वळले आणि म्हणाले की, तेथील स्वयंपाक म्हणजे पोर्तुगिजांनी मागे टाकलेली परकी चीजवस्तू होय. आपल्या इतिहासात तिची नोंद करायचीच तर ती परिशिष्टात करावी. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही उचलले नाहीत. कारण त्या परिशिष्टात माझी आजी जाऊन बसत होती.

आजी वसईच्या सामवेदी ख्रिस्ती शेतकरी कुळातली. नेसायला तांबडे लुगडे, घरामागे केळीची बाग, आणि अक्षरओळख मुळीच नाही. पहाटे चर्चची घंटा झाली की तिची जपमाळ सुरू होई, ती चुलीपाशी बसल्यावरही चालू असे. घड्याळ तिला कळत नसे. जपमाळेची एक फेरी पुरी झाली की भात उतरायचा, हे तिचे माप. पिठाच्या गोळ्यावर बोटाने क्रूस काढल्यावाचून तो आंबायला ठेवायचा नाही, हा नेम. राखेच्या बुधवारी मटणाचे भांडे घासूनपुसून फडताळात पालथे पडे, ते ईस्टरपर्यंत कोणी सुलटे करीत नसे. त्या उपवासकाळात तिच्या स्वतःच्या वाट्याचे तांदूळ रोज मूठभर वेगळ्या मडक्यात पडत आणि शनिवारी गल्लीच्या टोकाच्या एका विधवेकडे जात. ती बाई ख्रिस्ती नव्हती.

माया वगैरे शब्द आजीच्या तोंडी कधी आले नाहीत. त्या आठवड्यात शाळेत ज्याने मार खाल्ला असेल त्याच्या पानात माशाचा मधला तुकडा पडे, आणि मार कशासाठी बसला याची चौकशी जेवण आटोपल्यावर होई. आम्हा नातवंडांना हे गणित इतके पाठ होते की पानाकडे पाहून घरातली गुपिते ओळखता येत.

आता विद्वानांच्या सिद्धांताकडे वळू. वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली 1534 साली आणि चिमाजी आप्पांच्या सैन्याने ती जिंकली 1739 साली. या दोनशे पाच वर्षांच्या काळात त्यांच्या गलबतांतून जे उतरले, ते फक्त ख्रिस्त्यांच्या अंगणात थांबून राहिले काय? मिरची आली, बटाटा आला, काजू, अननस, पपई आली. एकादशीचे ताट पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. आज बाजारात मिळणारा साबुदाणाही तिकडच्याच कसाव्याच्या कंदाचा. 'बटाटा' हा शब्ददेखील पोर्तुगिजांचा. तथापि एकादशीला परिशिष्टात ढकलावे असे सुचवणारा वक्ता अद्याप जन्माला यावयाचा आहे, आणि तो येऊही नये!

उलट आजीच्या नित्याच्या पानात काय असे? तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुके बोंबील, आणि क्वचित सुकेळी. सणाला फुगे होत, विंदालू होई. त्यातली लसूण-शिरक्याची रीत पोर्तुगालहून आली हे मी खुशाल मान्य करतो. पण वर्षाच्या पाचसहा दिवसांवरून उरलेल्या दिवसांचा निकाल लावणे, हे कोणत्या संशोधनशास्त्रात बसते?

आणखी एक विसंगती. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने रचलेले, 1616 साली छापले गेलेले 'ख्रिस्तपुराण' आपण मराठीचे भूषण म्हणून मिरवतो. मिरवावेच, वर्गात मीही ते केले आहे. मात्र समुद्रापलीकडून आलेल्या पाद्र्याची ओवी ज्यांना मराठी वाटते, त्यांनाच येथल्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या शेतकरणीचे कालवण परके वाटते. ओवी छापली जाते आणि कालवण खाऊन संपते, यापलीकडे या पक्षपाताचे कारण मला दिसत नाही. आमच्यातलेही काही महाभाग निर्दोष नाहीत. पाहुण्यांपुढे पोर्तुगीज वारशाच्या गप्पा मारताना त्यांना बोंबलाची आठवण होत नाही.

परंतु इतरांना बोल लावण्यापूर्वी माझे स्वतःचे एक देणे आहे. 1988 साली मी पुण्यास एका वसतिगृहात राहावयास गेलो, तेव्हा आजीने पत्र्याचा डबा भरून दिला. खाली सुकेळी आणि वर, कागदात बांधून, बोंबलाची चटणी. खोलीतले सोबती सालस होते, कोणी काही बोलले असतेच असे नाही. तरी मी तो डबा उघडला नाही. आठ दिवस तो खाटेखाली होता. वास येईल या धास्तीने एका रात्री मी तो नदीकाठी नेऊन रिता केला.

सुटीत घरी गेलो. आजीने पहिला प्रश्न विचारला तो परीक्षेचा नव्हता. तुझ्या सोबत्यांना आवडले का, असे तिने विचारले. फार आवडले, पुरले नाही, असे मी सांगितले. निघताना तिने दोन डबे भरून दिले.