पंचनामा कुणी करायचा?

भरपाई हा विषय आमच्या सिद्धेश्वर गावातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. पूर्णा नदीवर धरण झालं, जमिनी गेल्या, त्यांच्या मावेजाच्या गोष्टी इथल्या घराघरांत आजोबांकडून नातवांकडे आल्या आहेत. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेलं की तलाठी कधी येणार, पंचनाम्यात क्षेत्र किती धरलं, ई-केवायसी कुणाची अडकली, हे पारावर बसलेला कुणीही सांगतो. पीकविम्याची तक्रार 72 तासांच्या आत करावी लागायची, हे तर शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. कारण बापाच्या मोबाइलवर फोटो काढून टाकायचं काम त्यांच्याकडेच असायचं.

पण बाळंतपणात लेकराला इजा झाली तर कुठल्या टेबलावर जायचं? तिथं मात्र सगळं गाव गप्प होतं. ‘नशीब’ म्हणून मोकळं होतं.

मागे एक मामा माझ्याकडे कागद घेऊन आले. मी पेपरात लिहितो म्हणजे मला कागद कळतात, अशी आमच्याकडे समजूत आहे. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत सगळं व्यवस्थित घड्या घालून ठेवलेलं. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, नांदेडच्या काचेच्या पेटीतल्या मुक्कामाचं डिस्चार्ज कार्ड, मेडिकलच्या बिलांचा गठ्ठा. नात दीड वर्षाची झाली, अजून मान धरत नाही. बाळंतपण एका खासगी दवाखान्यात झालं. कळा संध्याकाळी सुरू झाल्या, रात्रभर सिस्टर ‘अजून वेळ आहे’ म्हणत राहिल्या, डॉक्टर पहाटे आले. सगळी पिशवी उपसली, पण त्या रात्रीचा म्हणून कागद निघाला तो अर्धं पान. त्यावर वजन, वेळ, ‘मुलगी’, आणि खाली एक ओळ : जन्मतः उशिरा रडली.

“भाऊ, डॉक्टर म्हणले, लेकरानं पोटात घाण पिली. आता ह्यात कुणाला बोलावं?”

हे उत्तर मी आजवर इतक्या घरांत ऐकलं आहे की ते डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांनीच एकमेकांना, हेही आता कळेनासं झालंय. बाळ पोटात शी करतं ते खरं. पुष्कळदा त्यातून काही वाईटही होत नाही. पण बाळ गुदमरत असेल तर त्याच्या हृदयाचे ठोके ते आधी सांगतात. म्हणून कळा चालू असताना दर अर्ध्या तासाला ठोके मोजायचे, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते बघायचं आणि हे सगळं एका आलेखावर मांडायचं, अशी पद्धत आहे. त्या आलेखाला पार्टोग्राफ म्हणतात. त्यावर एक सावधगिरीची रेघ असते आणि तिच्या उजवीकडे कृतीची. आईची रेघ सावधगिरीची रेघ ओलांडू लागली की थांबायचं नसतं, काहीतरी ठरवायचं असतं. घाण कधी पिली यापेक्षा, ठोके उतरल्याचं कुणाला किती वाजता कळलं आणि त्यानंतर बाळ बाहेर येईपर्यंत काय केलं, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर त्या आलेखात असतं. मामांच्या पिशवीत तो नव्हता.

कागद घेऊन जावई का आला नाही, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. लेकरू धड निघालं तर सासरचे पेढे वाटतात, काही झालं तर ‘तुमच्याकडं बाळंतपण केलं’ हे एक वाक्य माहेरच्या बापाला जन्मभर पुरतं. लेक आणि नात दोघी आता मामांच्याच घरी आहेत. दवाखान्याला कुणी जाब विचारत नाही, पण बापाला विचारतात. म्हणून बाप पिशवी घेऊन हिंडतो.

कायद्याने मामांची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे, कारण त्यांनी पैसे मोजले. 13 नोव्हेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सांगितलं की पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवा आहे आणि रुग्ण हा ग्राहक. 2019 च्या नव्या ग्राहक कायद्यानंतर डॉक्टरांना यातून वगळावं म्हणून पुन्हा न्यायालयात धाव घेऊन झाली, ती टिकली नाही. दवाखान्याला दिलेली रक्कम 50 लाखांच्या आत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगातच करायची, मग भरपाई कितीही मागा. रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी शून्य. दवाखाना नांदेडचा असला तरी तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागतं, आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कारण सहसा पटत नाही.

आता त्याच गल्लीतली दुसरी लेक घ्या, जी सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट मिळतात, तिथला रुग्ण ग्राहक नव्हे. केसपेपरचे दहा-वीस रुपये त्यात धरत नाहीत. सरकारी बाळंतपण 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून फुकटच होतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतले उपचारच सर्वांना मोफत केले. निर्णय चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिथे काही रुग्ण पैसे देतात आणि काही देत नाहीत, तिथे फुकटवालाही ग्राहक ठरतो, अशी एक फट त्या निकालात होती. सगळ्यांनाच फुकट केल्यावर ती फटही बुजली. जिच्याकडे दवाखान्याला द्यायला पैसे नव्हते, तिलाच आता स्वस्त आयोग बंद आणि महागडं दिवाणी न्यायालय किंवा थेट उच्च न्यायालयाचं संभाजीनगरचं खंडपीठ उघडं. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण व्हायचं ते झालंच.

त्या महागड्या वाटेवर काय होतं, याचा दाखला आपल्याच मराठवाड्यात आहे. वकिलीच्या पुस्तकांत तो अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने शिकवतात. जुलै 1963. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई 10 तारखेला बाळंत झाली, मुलगा झाला. 13 तारखेला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप चढला, पोटात असह्य दुखू लागलं. 19 तारखेला पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत पहिल्या शस्त्रक्रियेतला टॉवेल राहिलेला सापडला. पू झाला होता. 24 तारखेला ती गेली.

नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36 हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला : निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, आणि झाला तरी सरकार त्याला बांधील नाही. प्रकरण दिल्लीला गेलं. 20 फेब्रुवारी 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने 36 हजारांचा निकाल पुन्हा कायम केला. रुग्णालय चालवणं हे काही राजाचं कामकाज नव्हे, नोकराच्या चुकीला मालक म्हणून सरकारच जबाबदार, आणि टॉवेल नेमका कुणाच्या हातून राहिला हे रुग्णाने शोधून द्यायची गरज नाही, कारण टॉवेल आपोआप पोटात जात नसतो. इतकी साधी गोष्ट ठरायला जवळजवळ 33 वर्षं गेली. 1963 साली जन्मलेला तो मुलगा तोवर 32 वर्षांचा झाला होता. 36 हजारांचं 1963 साली काय आलं असतं आणि 1996 साली काय आलं असेल, हे भाव माहीत असलेल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

महागाईचा हा हिशेब न्यायालयाने पुढे एकदा नीट मांडला, तो 1 जुलै 2015 च्या चेन्नईच्या खटल्यात. मुदतीआधी जन्मलेल्या मुलीच्या डोळ्यांची तपासणी सरकारी रुग्णालयाने वेळेवर सांगितली नाही, तिची दृष्टी गेली. निकाल लिहिला होता नागपूरच्या शरद बोबडे यांनी, जे पुढे सरन्यायाधीश झाले. आजवरचा खर्च, पुढच्या आयुष्याचा खर्च आणि त्यावर वाढणारी महागाई धरून रक्कम सुमारे 1 कोटी 80 लाखांवर गेली. मुलगी तेव्हा अठराची होती. हिशेब बरोबर होता, पण ज्या वयात उपचारांना आणि व्यायामाला पैसे हवे असतात ते वय केव्हाच उलटून गेलं होतं.

यावर डॉक्टर मंडळी चिडतात, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नाही. मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी झालेल्या बहुसंख्य मुलांत कारण बाळंतपणात नसतंच. ते आधीच्या महिन्यांत, कमी दिवसांच्या जन्मात किंवा जंतुसंसर्गात असतं. काही वेळा सगळं नियमाने करूनही घात होतो. 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यापासून डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, तो नियम मला रास्त वाटतो. पण मग या भांडणात आपण सगळी ताकद गुन्हेगार शोधण्यातच घालतो, आणि लेकरू बाजूला राहतं.

त्याचा नमुना आमच्याच भागात दिसला. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं. आमचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे गेले आणि प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. चित्रफीत देशभर फिरली, खासदारांवर गुन्हा दाखल झाला, दोन्ही बाजूंनी मोर्चे-निवेदनं झाली. त्या सगळ्या गदारोळात ‘या आईबापांच्या हातात त्यांच्या लेकरांचे कागद द्या’ असं कुणी म्हटल्याचं मला ऐकू आलं नाही. झाडू हातात देणं सोपं असतं, तो टीव्हीवर दिसतो.

जपानने 2009 पासून वेगळी वाट धरली. बाळंतपणाशी जोडलेली गंभीर सेरेब्रल पाल्सी असेल, ठरलेल्या अटींत बसत असेल, तर दोषी कोण याची वाट न बघता 3 कोटी येन मिळतात. काही रक्कम एकदम, उरलेली मूल वीस वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी. शिवाय त्या बाळंतपणात काय घडलं याची तज्ज्ञांकडून छाननी होते आणि अहवाल आईबापांना व रुग्णालयाला, दोघांनाही मिळतो. मला पैशांइतकंच या अहवालाचं अप्रूप वाटतं.

जपान श्रीमंत आहे, आपल्याला कसं परवडेल, असं कुणी म्हणेल. अहो, आपण हे करतोच आहोत, फक्त बाळ सोडून. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेच्या यादीत वीज पडणं आहे, सर्पदंश आहे, विंचूदंश आहे आणि बाळंतपणातला मृत्यूही आहे. वारसाला 2 लाख, कुणाची चूक हे विचारलं जात नाही. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया फसली तरी सरकारी योजनेतून पैसे मिळतात, तिथेही डॉक्टरला दोषी ठरवावं लागत नाही. म्हणजे आई मेली तर तरतूद आहे, नको असताना दिवस गेले तर तरतूद आहे. जे लेकरू जगलं आणि जन्मभर पाठीवर घेऊन फिरावं लागणार आहे, त्याच्या नावाने रकाना नाही. हा रकाना विधिमंडळात कुणी मागितला तर त्याला मत द्यायला मी तयार आहे, पक्ष कुठलाही असो.

तोवर मामांना मी जे सांगितलं ते इथेही लिहितो. दवाखान्याला आधी साध्या कागदावर लेखी अर्ज करा : आंतररुग्ण म्हणून ठेवलेले सगळे कागद, पार्टोग्राफ, सिस्टरच्या नोंदी, बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी, यांच्या प्रती द्या. पोच घ्या, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवा. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारनियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत ते द्यावे लागतात. होय, पीकविम्याइतकेच तास. मात्र हे कागद तीन वर्षंच जपून ठेवायचं बंधन आहे, म्हणून उद्यावर टाकू नका. सरकारी रुग्णालय असेल तर माहितीच्या अधिकारातही मागता येतात. दवाखान्याने आलेख दिलाच नाही, तर तो नसणं हाही आयोगापुढे मांडायचा मुद्दा आहे. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाच्या स्वतःच्या हक्काची मुदत ते अठरा वर्षांचं होईपर्यंत सुरू होत नाही, पण ग्राहक आयोगात त्या भरवशावर राहू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाई आणि मूल यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, दाखला काढत बसायला नको.

मामांनी सगळं ऐकलं, पिशवीची गाठ मारली आणि मग विचारलं, “अर्ज लेकीच्या नावानं करावा का नातीच्या?”

दोघींच्या. 1998 च्या स्प्रिंग मेडोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला साडेबारा लाख आणि त्याच्या आईबापांना त्यांच्या स्वतःच्या मनस्तापापोटी वेगळे पाच लाख दिले होते. मूलही ग्राहक, आईबापही ग्राहक. दवाखान्याच्या पावत्यांवर नाव मामांचं होतं, तेवढं मात्र वकिलाला आधीच सांगायला हवं.