कृत्तिका किती दिसतात?

पंचांगाच्या पानावर सत्तावीस नक्षत्रें आजहि जशींच्या तशीं आहेत. मुलाचें नांव ठेवतांना आपण नक्षत्राचें चरण पाहतों, मुंजीचा व विवाहाचा मुहूर्त काढतांना त्यांचा हिशेब करतों, आणि सप्तपदीनंतर वधूवरांस ध्रुव व अरुंधती दाखविण्याचा विधीहि सोडीत नाहीं. परंतु शहरांतील मंगल कार्यालयाच्या अंगणांतून अरुंधती खरोखरच दिसते काय, असें गुरुजींस कोणी विचारीत नाहीं. पोथींत राहिलेलें नक्षत्र आकाशांतून केव्हांच नाहींसें झालें आणि त्याची चुटपुटहि आपणांस लागली नाहीं. या मासीं ह्याच विषयावर वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

आमचें राहणें भिवंडीजवळील राहनाळ गांवीं. हा मुलूख मूळचा भातशेतीचा. आज पूर्णें, राहनाळ, वळ, दापोडें या पट्ट्यांत गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. रात्रभर मालमोटारींची ये-जा चालते आणि प्रत्येक आवारावर प्रखर पांढरे दिवे जळतात. नैर्ऋत्येस ठाण्या-मुंबईचा उजेड, ईशान्येस भिवंडी शहराचा. अशा ठिकाणीं गच्चीवर तीन इंची दुर्बीण मांडून तारकागुच्छांचीं छायाचित्रें घेणें हा उद्योग ऐकणारास वेडेपणाचा वाटतो. पण तो साधतो, आणि कां साधतो हें समजून घेण्यासारखें आहे.

आपला डोळा प्रकाश सांठवून ठेवीत नाहीं, कॅमेरा ठेवतो. मात्र येथें एकच दीर्घ चित्र घेऊं गेल्यास ताऱ्यांबरोबर दिव्यांनीं उजळलेलें आकाशहि सांठत जातें आणि सारी पाटी पांढरीफटक होते. म्हणून युक्ति अशी कीं, दहा-दहा सेकंदांचीं शेंकडों चित्रें घ्यावयाचीं. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर दुर्बीण हळूहळू वळवीत राहण्याचें काम तिच्याखालचें यंत्र करतें. मग संगणकाच्या साह्यानें तीं सर्व चित्रें एकावर एक नेमकीं बसवावयाचीं. तारा प्रत्येक चित्रांत त्याच जागीं असतो, म्हणून तो ठसठशीत होतो. चित्रांतील रवाळपणा मात्र दर वेळीं निराळ्या ठिकाणीं असतो, म्हणून तो विरत जातो. शंभर चित्रें जुळविलीं म्हणजे हा दोष दहाव्या हिश्शावर येतो. सर्वत्र सारखी पसरलेली दिव्यांची प्रभा शेवटीं वजा करतां येते.

ह्या रीतीनें तासाभरांत कृत्तिकांच्या चित्रांत शंभरांहून अधिक तारे मोजतां येतात. हे सर्व एकाच मेघांतून जन्मलेलीं भावंडें असून त्यांचें वय सुमारें दहा कोटि वर्षें आहे. त्यांचें अंतर सुमारें ४४० प्रकाशवर्षें. म्हणजे आज आपल्या गच्चीवर उतरणारा प्रकाश तेथून निघाला, तेव्हां पैठणास एकनाथमहाराज हयात होते. पुष्य नक्षत्राच्या मध्यभागीं एक गुच्छ आहे. काळोख्या गांवीं तो धुरकट ठिपक्यासारखा दिसतो, चित्रांत मात्र मोहोळ फुटल्यासारखे तारे विखुरलेले दिसतात. वैशाख-ज्येष्ठांत दक्षिणेस नरतुरंग राशीमधील मोठा गोल गुच्छ येथें क्षितिजापासून सुमारें तेवीस अंशच वर चढतो. सुमारें सतरा हजार प्रकाशवर्षें दूर असलेला, कोटीभर ताऱ्यांचा तो गोळा भर उजेडांतूनहि कॅमेऱ्यांत उतरतो.

तथापि ह्या विद्येस मर्यादा आहे. तारा हा बिंदु असल्यामुळें त्याचा प्रकाश एका जागीं एकवटतो आणि तो उजेडावर मात करतो. पण पातळ तेजोमेघ उजेडांत बुडून जातो. कृत्तिकांभोंवतीं निळसर मेघ आहेत. त्यांपैकीं एक १८८५ सालीं पॅरिसच्या हेन्री बंधूंनीं छायाचित्रावरूनच प्रथम शोधून काढला. तोच राहनाळच्या चित्रांत मोठ्या कष्टानें आभासापुरता उमटतो. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ठराविक रंगांचा असे, तो कांचेच्या गाळणीनें अडवितां येई. आतांच्या पांढऱ्या दिव्यांत सारेच रंग मिसळलेले. गाळणी लावावी तर ताऱ्याचाहि प्रकाश कापला जातो.

पण आमच्या मनास खरी टोंचणी लागली ती निराळीच. शेजारचीं मुलें तें चित्र पाहून हरखलीं आणि लागलींच विचारूं लागलीं, "आजोबा, हें आकाशांत कुठें आहे?" बोट दाखविलें तेथें त्यांस मोजून तीन तारे दिसले! तैत्तिरीय संहितेंत कृत्तिकांचीं सात नांवें आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणीका. हीं नांवें ठेवणाऱ्यांजवळ दुर्बीण नव्हती, काळोख होता. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, असें शतपथ ब्राह्मणांत म्हटलें आहे. तेवढ्या आधारावर शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनीं, जे पेशानें शिक्षकच होते, आपल्या १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' ग्रंथांत तो काळ इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षांचा ठरविला. त्यांचा निष्कर्ष सर्वांस मान्य नाहीं. पण आज येथें कृत्तिका पूर्वेच्या उत्तरेस सुमारें पंचवीस अंशांवर उगवतात, हें कोणासहि पडताळून पाहतां येईल. मात्र त्यासाठीं त्या डोळ्यांस दिसल्या पाहिजेत. ज्याच्या घरीं यंत्र आहे त्यानें चित्र काढावें. पण आकाश हें यंत्र असणाऱ्याचीच मिरास नव्हे.

महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ सालीं देशांतील पहिलें काळोख्या आकाशाचें उद्यान म्हणून मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु सर्वांस पेंचला जाणें घडणार नाहीं. आमच्या पूर्वेस एका गोदामाचा दिवा थेट गच्चीवर झोत टाकीत असे. तेथील व्यवस्थापकांस भेटून आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, दिव्याचें तोंड खालीं करा, वर पत्र्याची झांपड लावा. उजेड तुमच्या अंगणांत अधिक पडेल. त्यांनीं तें केलें. शहराची प्रभा अर्थात् होती तशीच राहिली. पण डोळ्यांवरचा झोत गेला आणि त्याच मुलांनीं दुसऱ्या रात्रीं पांच कृत्तिका मोजल्या.

तेव्हां वाचकहो, येत्या कार्तिकाच्या वद्य पक्षांत, चंद्रोदयापूर्वीं, घरांतील मुलांस घेऊन गच्चीवर जा. आपले दिवे मालवून दहा-पंधरा मिनिटें डोळ्यांस काळोखाची संवय होऊं द्या आणि पूर्वेकडील कृत्तिका मोजा. जो आंकडा येईल तो पंचांगाच्या समासांत लिहून ठेवा व पुढील वर्षीं पुन्हां मोजा. आंकडा घटला, तर जवळच्या कोणत्या दिव्याचें तोंड वर आहे तें पाहून त्याच्या मालकास गोडीनें जाऊन भेटा.