एक प्रत, दहा संगणक

मराठीच्या अध्यापकांनी सॉफ्टवेअरच्या परवान्याविषयी मत मांडावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वस्तुतः हा विषय आमच्या अंगणातलाच आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे संगणक प्रणाली ही कायद्याच्या दृष्टीने 'साहित्यकृती' ठरली. म्हणजे कादंबरी आणि पगारपत्रकाची आज्ञावली कायद्याच्या एकाच फडताळात बसल्या. (समीक्षकांनी साहित्याची व्याख्या करण्यात हयात घालवली; संसदेने ती एका ओळीत वाढवली.)

प्रश्न साधा आहे. विभागाने पैसे मोजून प्रणालीची एक प्रत घेतली, ती प्रयोगशाळेतल्या दहा संगणकांवर चढवली, तर बिघडले कुठे? ग्रंथालयाचे एक पुस्तक शंभर जण वाचतातच की! हा युक्तिवाद आम्ही अनेक सुविद्य सहकाऱ्यांकडून ऐकला आहे आणि तो अप्रामाणिक नाही. तो ग्रंथसंस्कृतीतून आलेला आहे. पण त्यात एक गफलत आहे. पुस्तक शंभर जण वाचतात ते एकामागून एक. दहा संगणकांवर एकाच वेळी प्रणाली चालते, तेव्हा एका पुस्तकाच्या दहा प्रती झालेल्या असतात. इलेक्ट्रॉनिक साधनाने कोणत्याही माध्यमात साठवणे हेसुद्धा कायद्याने पुनर्निर्मितीच मानले आहे. आणि प्रणाली संगणकावर चढवणे म्हणजे ती तिथे साठवणेच.

ग्रंथाची उपमा मुळातच चूक आहे, असे मात्र नाही. १९८० च्या दशकात बोर्लंड या अमेरिकन कंपनीने आपल्या परवान्यात तीच उपमा वापरली होती. प्रणाली कितीही जणांनी वापरावी, या संगणकावरून त्या संगणकावर न्यावी. अट एवढीच, की एके ठिकाणी ती वापरात असताना दुसरीकडे वापरली जाण्याची शक्यता नसावी. परवान्यांच्या रूक्ष वाङ्मयात इतका सुबोध मजकूर आमच्या तरी पाहण्यात नाही. पुढे परवाने लांबत गेले, अटी बारीक टंकात शिरल्या, आणि 'मान्य' या कळेवर न वाचता बोट ठेवण्याची सवय आपल्याला लागली. ज्यांचा व्यवसायच संहितेचे सूक्ष्म वाचन करण्याचा, त्यांनाही!

वाचले तर पुष्कळ सापडते. कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, प्रणालीची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे त्याला ती हरवण्या-बिघडण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करता येते. त्याच कलमात आणखी एक उपखंड आहे: स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यावसायिक, वैयक्तिक वापरासाठी प्रती करणे हा भंग नव्हे. घरचा संगणक आणि प्रवासातला लॅपटॉप यांच्यामध्ये घुटमळणाऱ्या अध्यापकाला हा दिलासाच म्हणायचा. काही परवानेही उदार असतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००३ च्या आवृत्तीत मुख्य वापरकर्त्याला स्वतःच्या वापरापुरती दुसरी प्रत लॅपटॉपवर ठेवण्याची मुभा होती. संगणकाबरोबर आलेली विंडोज मात्र सहसा त्याच यंत्राशी बांधलेली असते. यंत्र मोडीत गेले की तीही गेली.

महाविद्यालयाची प्रयोगशाळा हा 'वैयक्तिक वापर' म्हणता येईल, असे आम्हाला वाटत नाही. प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी ६३-ब कलमात किमान सात दिवसांचा कारावास आणि किमान पन्नास हजार रुपयांचा दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी वा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कारावास टाळू शकते. पण कलमांचा बागुलबुवा दाखवणे हा आमचा हेतू नाही. आमची अस्वस्थता वेगळी आहे. २०१८ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनंतर आपण संशोधक विद्यार्थ्याला वाङ्मयचौर्याची व्याख्या पढवतो, त्याच्या प्रबंधातल्या साम्याची टक्केवारी मोजतो. आणि तो प्रबंध ज्या यंत्रावर टंकलिखित होतो त्यावरची प्रणाली कुठून आली, हे विचारत नाही. विद्यार्थ्याला दोन्ही दिसते. तो काय शिकत असेल?

तथापि सारा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मराठीच्या बाबतीत तर विशेषच. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट फाँटशी जखडलेला असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर धारिका उघडली की अनाकलनीय चिन्हांची रांग दिसे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा अनुभव क्वचितच आला असेल. त्याची अक्षरे सर्वत्र तीच होती, फाँट बदलला तरी मजकूर शाबूत राही. मराठी लेखकाला मात्र परीक्षकाकडे किंवा मुद्रकाकडे धारिका पाठवताना फाँटही पाठवावा लागे, आणि तो एकाच यंत्रापुरता विकत घेतलेला असला, तर स्वतःचेच लेखन दुसऱ्याला वाचू देण्यासाठी परवाना मोडणे भाग पडे. काही प्रणालींबरोबर संगणकाच्या मागे खुपसायचे एक कुलूप येई. ते हरवले की प्रणाली मुकी! 'चोरी' हा शब्द उच्चारण्यापूर्वी भाषेच्या या अडवणुकीचाही हिशेब मांडायला हवा. त्या काळातले कितीतरी मराठी लेखन अजून जुन्या संकेतांत अडकून पडले आहे, आणि रूपांतर करताना जोडाक्षरांची जी दैना होते ती संपादनाचे काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आज ती सबब उरलेली नाही. युनिकोडमध्ये मजकूर फाँटपासून मोकळा झाला. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्ता' हा फाँट खुल्या परवान्याखाली आहे. दहाच काय, शंभर संगणकांवर चढवा. लिब्रेऑफिसचेही तसेच. (खुल्या परवान्यालाही अटी असतात. मुक्ताच्या परवान्यानुसार नुसता फाँट स्वतंत्रपणे विकता येत नाही. तेव्हा वाचण्यातून सुटका इथेही नाहीच.) 'मुद्रकाला जुनाच फाँट लागतो' ही तक्रार खरी असेल, तर त्या एका कामासाठी एका यंत्रावर एक परवाना घ्यावा, उरलेल्या नऊ यंत्रांवर त्याची गरज काय?

आमची सूचना अगदी लहान आहे. ग्रंथालयात दाखलनोंदवही असते, तशी एक वही विभागात ठेवावी: कोणत्या यंत्रावर कोणती प्रणाली, कोणत्या परवान्याने, किती संगणकांपुरती. पहिली नोंद करायला एम.ए.च्या विद्यार्थ्यांना बसवावे आणि परवान्याची संहिता त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी.