मेन लाइनवरच्या मुली आणि आपण आईबाप

मेन लाइन म्हटलं की आम्हा डोंबिवलीकरांना काय आठवतं? खचाखच भरलेली फास्ट लोकल, दारात लोंबकळणारी माणसं आणि ठाण्याला उतरायचं असेल तर मुंब्र्यापासूनच सुरू करावी लागणारी धक्काबुक्की. इथे फिलाडेल्फियाच्या पश्चिमेलाही एक मेन लाइन आहे. जुन्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या मुख्य मार्गालगत वसलेली ही उपनगरं. आर्डमोर, हॅवरफर्ड, ब्रिन मॉर, विलानोवा. इथे लोंबकळत कोणी नाही. दगडी घरं, मोठमोठी झाडं आणि पिढीजात पैसा. मी त्याच लाइनीवर बराच पुढे राहतो, जिथे आमच्यासारख्या नोकरदार इंजिनियरला घर परवडतं.

तर मंडळी, याच परिसरात रोजवूड नावाचं एक गाव आहे. नकाशात शोधू नका, ते पुस्तकात आहे. सारा शेपर्ड या लेखिकेनं 2006 साली 'प्रिटी लिटल लायर्स' ही कादंबरी लिहिली आणि 2014 पर्यंत तिचे एकूण 16 भाग निघाले. श्रीमंत घरातल्या चार शाळकरी मैत्रिणी. त्यांची पाचवी मैत्रीण सातवीत असताना एका रात्री गायब होते. तीन वर्षांनी या चौघींना निनावी निरोप यायला लागतात. खाली सही एकच अक्षर, 'ए'. या 'ए'ला प्रत्येकीचं गुपित ठाऊक असतं. पुढे त्या मैत्रिणीचं प्रेत सापडतं आणि मग खून, संशय, पुन्हा खून. 2010 ते 2017 अशी सात वर्षं यावर टीव्ही मालिकाही चालली.

मागच्या महिन्यात ताईचा डोंबिवलीहून फोन. भाचीच्या दप्तरात या मालिकेचा तिसरा भाग सापडला होता. "अरे, काय हे! खून, दारू, पोरींची चुंबनं. तुमच्या अमेरिकेतलं हे खूळ आमच्या मुलींना बिघडवणार. मी तर पुस्तक काढून घेतलं, आणि आता तिचा मोबाइलपण रोज रात्री तपासते."

ताईचं पहिलं वाक्य मला मान्य नाही आणि दुसऱ्यानं मी घाबरलो. का, ते सांगतो.

आधी पुस्तकाबद्दल. हे काही थोर साहित्य आहे असं माझं म्हणणं नाही. ज्या ॲलॉय एंटरटेनमेंट कंपनीनं 'गॉसिप गर्ल' काढलं, तिच्याच कारखान्यातला हा माल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक धक्का आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या भागाची जाहिरात. आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवर टांग मारून निघायचा आणि पुस्तक संपेपर्यंत चोर पकडून द्यायचा. इथे 16 भाग चालले तरी शोध लावण्यापेक्षा लपवण्यातच मुलींचा वेळ जातो. पण वाईट पुस्तकानं मुलं बिघडतात असं म्हणाल, तर अर्नाळकरांच्या रहस्यकथा भूमितीच्या पुस्तकात घालून वाचणारी अख्खी पिढी तुरुंगात असायला हवी होती. ती बँकेत लागली आणि वेळेवर निवृत्त झाली.

आता मुद्दा. त्या चौघींची गुपितं काय आहेत ते बघा. हॅना दुकानातून वस्तू चोरते आणि खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकते. स्पेन्सर मोठ्या बहिणीचा निबंध स्वतःचा म्हणून खपवते. एमिलीला एक मुलगी आवडते. आरियाचं शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तराशी प्रकरण चालू आहे. नीट पाहिलं तर या चार अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चोरी आणि नक्कल हे गुन्हे. ओकणं हा आजार. एमिलीचं प्रेम गुन्हाही नाही आणि आजारही नाही. आणि आरियाच्या बाबतीत तर गुन्हेगार मास्तर आहे, मुलगी नव्हे. आपल्याकडच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलीची 'संमती' धरतच नाहीत, आणि शाळेतल्याच माणसानं अत्याचार केला तर तो गुन्हा आणखी गंभीर मानतात.

'ए' मात्र या चारही गोष्टी एकाच तराजूत घालते. "घरी सांगेन." बस्स. सगळी दहशत या दोन शब्दांची आहे. आणि ती धमकी खोटी नसते, हे सगळ्यात वाईट. एमिलीचं बिंग फुटतं तेव्हा तिचे आईवडील तिला 'सुधारायला' काढतात आणि पुढे आयोवातल्या कडक नातेवाइकांकडे धाडून देतात. म्हणजे 'ए'नं फक्त निरोप पोचवला. शिक्षा घरच्यांनी केली.

मी इंजिनियर माणूस. बिघाड झाला की आधी बघायचं, यंत्राला वीज कुठून मिळते आहे. 'ए'ची वीज त्या चार घरांतून येते. यातली एक जरी मुलगी पहिल्या निरोपानंतर आईसमोर बसून "आई, माझ्याकडून असं असं झालंय आणि कोणीतरी मला धमकावतंय" म्हणू शकली असती, तर पुढचे 15 भाग निघालेच नसते.

"पण बाहेरचं जग वाईट आहे, लक्ष ठेवायला नको?" असं तुम्ही म्हणाल. जग वाईट आहेच. मोबाइलवर मुलींशी गोड बोलून फोटो मिळवणारे आणि मग पैशासाठी छळणारे लोक खरे आहेत, आणि पुस्तकातल्या 'ए'पेक्षा भयंकर आहेत. पण त्यांचं हत्यार कोणतं? तेच. "घरी सांगेन." ज्या मुलीला घराची भीती वाटते ती त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. रोज रात्री मोबाइल तपासून आपण ती भीती कमी करतो की वाढवतो?

खऱ्या मेन लाइनवरची एक खरी गोष्ट ऐका. लोअर मेरियनच्या सरकारी शाळांनी मुलांना लॅपटॉप दिले होते. चोरी झाली तर शोधता यावेत म्हणून त्यांचा कॅमेरा दुरून चालू करायची सोय ठेवली होती. मुलांना आणि पालकांना याचा पत्ताच नव्हता. एका मुलाला शाळेनं त्याच्याच घरातला त्याचा फोटो दाखवून जाब विचारला. गोळ्या म्हणे. तो म्हणाला, खाऊच्या गोळ्या होत्या. फेब्रुवारी 2010 मध्ये घरचे कोर्टात गेले. तपासात 56,000 हून जास्त चित्रं निघाली, काही मुलांच्या कॅमेऱ्यातली तर काही त्यांच्या पडद्यावरची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 6 लाख 10 हजार डॉलरवर तडजोड झाली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये 'प्रिटी लिटल लायर्स' टीव्हीवर सुरू झाली होती. मुलांवर निनावी नजर ठेवणारी 'ए' काल्पनिक रोजवूडमध्ये होती तशी खऱ्या मेन लाइनवरही होती. फक्त इथे ती शाळा होती, आणि हेतू चांगला होता.

हेतू माझाही चांगला होता.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनं, ती तेव्हा 14 वर्षांची, लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमधून याच मालिकेचे पाच भाग आणले. मी दोन पानं चाळली, ताईसारखाच हादरलो, आणि त्या रात्री ती झोपल्यावर तिचा फोन उघडून बसलो. तिच्याबद्दल काहीच सापडलं नाही. सापडलं ते तिच्या मैत्रिणीबद्दल. ती पोरगी कित्येक दिवस जेवत नव्हती आणि माझ्या मुलीला विचारत होती, मी काय करू. दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखा विषय काढला आणि अर्थात पकडला गेलो. मुलगी रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "बाबा, तू 'ए' आहेस का? मी तुला आणि आईला शनिवारी सांगणारच होते. आता ती मला परत काही सांगेल का?"

त्या मैत्रिणीनं पुढे जवळजवळ दोन महिने हिला काही सांगितलं नाही. शेवटी तिच्या आईच्या लक्षात आलं, डॉक्टर झाले, ती सावरते आहे. पण ते दोन महिने माझ्या खात्यावर आहेत.

म्हणून सांगतो, आठ वर्षांच्या पोराच्या हातातला फोन खुशाल बघा, त्याला सांगून बघा. पण 15 वर्षांच्या मुलीचा चोरून बघू नका. आणि पुस्तकावर रागवायचंच असेल तर योग्य जागी रागवा. चुंबनांवर नको. टीव्ही मालिकेच्या शेवटच्या भागात आरिया आणि तो मास्तर यांचं चक्क लग्न लावून दिलंय, त्यावर रागवा. शाळकरी मुलीला जाळ्यात ओढणारा माणूस नवरदेव म्हणून मिरवतो, हे मला खुनापेक्षा घाण वाटलं. पण हे भाचीशी बोलायला ताईला आधी पुस्तक वाचावं लागेल. जप्त करून ते जमणार नाही.

मी पाचही भाग वाचले. मग एकदा गाडीत मुलीला विचारलं, "ही गोष्ट आपल्या घरात किती पानं चालली असती गं?"

ती म्हणाली, "आत्ता, का मागच्या वर्षी?"

हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे. तिनं दोन वाक्यं खोडायला लावली, ती खोडली. ताई, पुस्तक परत दे तिला. आणि बाकी मंडळींनो, हाच प्रश्न तुमच्या घरी विचारून बघा. उत्तर मला कळवू नका, ते तुमच्या घरचं आहे.